माया किती ठेवायची

मास्तरांना माणसाचा चेहरा लक्षात राहायचा नाही, कंबर राहायची. रस्त्यात कुणी हात केला की ते आधी चष्म्यावरून त्याच्या पट्ट्याकडे बघायचे, मनातल्या मनात जुळवाजुळव करायचे आणि मग ओळखीचं हसायचे. "आज ते भेटले होते, उजवा खिसा खोल लागणारे," असं घरी येऊन सांगायचे, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोलाही ते कोण हे बरोबर कळायचं.

त्यांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते शिंपी होते, पँटी आणि कोट शिवायचे, आणि सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा. खाली दुकान, वर घर. दुकानात खिडकीपाशी कापड बेतायचं मोठं टेबल, भिंतीलगत दोन शिलाई मशिनी, मागच्या कोपऱ्यात वाफेची इस्त्री आणि पडद्याआड कपडे घालून बघायची जागा. मास्तर गिऱ्हाइकाला नुसतं आरशापुढे उभं करून सोडायचे नाहीत. त्याला खुर्चीत बसवायचे, वाकून बुटाची नाडी बांधायला लावायचे, फळीवरचा डबा काढतोय असा हात वर करायला लावायचे. उभ्या माणसाला पोतंही शोभतं, बसलेल्या माणसाला शोभेल ती पँट, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण आता शिवून घेतं कोण? लोक तयार पँटी विकत आणायचे आणि पाय लांब होतात म्हणून खालून कापून घ्यायला मास्तरांकडे यायचे. मास्तर कापून द्यायचे, पण दिवसभर तोंड कडू असायचं. हे शिंप्याचं काम नाही, न्हाव्याचं आहे, नुसती टोकं कापायची, असं ते म्हणायचे. हाताला काम होतं, डोक्याला नव्हतं, आणि मास्तरांचं डोकं रिकामं राहिलं की घरातल्या पडद्यांची, उशांच्या अभ्र्यांची, एकदा तर छत्रीची उसवाउसव सुरू व्हायची. त्यामुळे बायको सारखी म्हणायची, ह्यांना काहीतरी नाद लावा.

तो नाद जावयामुळे लागला. जावई एका फर्निचरच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा. एकदा मास्तर त्याला डबा द्यायला कारखान्यात गेले, तर एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक लहानसं जुनं सीएनसी मशीन भंगारात जायची वाट बघत होतं. जावयाने सहज चालू करून दाखवलं. सपाट पाट, त्यावर डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे सरकणारी दांडी, आणि दांडीला गरगर फिरणारं पोलादी टोक, ज्याला ते लोक बिट म्हणत. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं आणि बिट ते लाकडात कोरून काढायचं. मास्तर डबा हातात धरून बघतच राहिले. कुणीतरी बेतायचं टेबल आणि शिलाई मशीन एकाच जागी बसवलं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "आणि दोरा कुठे असतो त्याला?"

दोरा नव्हता, पण मशीन आलं. दुकानात दुसरीकडे कुठे मावेना म्हणून आरसा काढावा लागला आणि ते पडद्याआडच बसलं. गिऱ्हाइकं आता मशीनला टेकून पँट चढवू लागली. भुसा जिकडेतिकडे झाला. एका गिऱ्हाइकाने काळा कोट नेला आणि घरी गेल्यावर फोन करून विचारलं की मी शिवायला दिलेलं कापड तपकिरी होतं की काळं, कारण झटकला तेव्हा रंग बदलला. बायकोने फोन ठेवला आणि मास्तरांकडे नुसतं बघितलं. काज-बटणांचं सगळं काम तीच करायची, तेव्हा तिच्या त्या नजरेला दुकानात वजन होतं.

पहिले काही आठवडे मास्तरांनी दारावरच्या पाट्या कोरल्या. जो सापडेल त्याच्या नावाची पाटी. पाट्या चांगल्या व्हायच्या आणि मास्तर खूश होते, जोवर व्याही आले नव्हते.

व्याही म्हणजे ह्याच जावयाचे वडील. पिढीजात सुतार, हाताने काम करणारे. त्यांच्या खिशात कंगव्याऐवजी काटकोन तपासायचा लहानसा गुण्या असायचा, आणि कुणाच्याही घरी गेले की दाराच्या चौकटीला, खिडकीला, कधी कधी जेवणाच्या टेबलालाही तो लावून बघायचे. लोक त्यांना पाठीमागे काटकोन म्हणायचे. आपल्याच पोराने रंधा सोडून कॉम्प्युटरपुढे बसावं हे दुःख त्यांनी गिळलं होतं. आता मास्तरही त्याच वाटेने निघालेले बघून त्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी एक पाटी उचलली, उजेडात धरली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "छान आहे. उंदराने फार मन लावून कुरतडलंय."

मास्तरांनी हसून चहा पुढे केला. पण त्यांचीही नजर व्याह्यांच्या कंबरेवर होती. व्याही तयार पँट घालायचे, आणि लग्नात नवरदेव म्हणून उभे होते तेव्हाचंच आपलं माप आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. वरचं बटण लागत नव्हतं. तिथे सेफ्टी पिन होती आणि तिच्यावर पट्टा ओढून घेतलेला. ती पिन बघून मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपेकडे जायचा. किती वेळा त्यांनी आडून सुचवलं होतं, पण व्याही मापाची टेप दिसली की घाईत असायचे.

अशात मुलगी आणि जावई नव्या घरात राहायला गेले. त्या घराच्या स्वयंपाकघरातून मागचं तळं दिसायचं आणि तळ्यात एका पायावर उभा राहणारा एक बगळा दिसायचा. घरात टेबल नव्हतं. टेबल मी करणार, असं व्याह्यांनी जाहीर केलं. त्यांच्या पलंगाखाली एक गडद रंगाची रुंद, अखंड फळी कित्येक वर्षं निजलेली होती. विहीणबाई म्हणायच्या की ह्या घरात माझ्यापेक्षा मान तिला जास्त आहे. ती फळी पोरांसाठी काढायची ठरली. हे ऐकून मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी भर चहात सांगून टाकलं की त्या फळीवर मी फिकट लाकडाचा बगळा बसवून देईन.

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "बसवणार म्हणजे चिकटवणार ना?"

"बसवणार. लाकडात लाकूड. वरून हात फिरवला तर कळायचं नाही कुठे काय संपलं."

"मग एकच सांगतो," व्याही म्हणाले. "फट राहिली तर तीत भुसा आणि सरस भरून झाकायची नाही. भुसा भरायचा असेल तर माझ्या फळीला हात लावू नका."

मास्तरांनी मान डोलावली. सेफ्टी पिनेचा विषय अगदी जिभेच्या टोकावर आला होता, पण मुलीचं सासर होतं.

काम सोपं वाटत होतं. एका लाकडात बगळ्याच्या आकाराची खाच घ्यायची, दुसऱ्यातून बगळा कापायचा आणि आत ठेवून द्यायचा. मास्तरांनी रद्दी लाकूड घेतलं आणि दोन्हीसाठी एकच चित्र वापरलं. बगळा आत जाईना. आता अंगाच्या मापाला तंतोतंत पँट शिवली तर माणूस ती चढवणार कशी, हे त्यांना झोपेतही कळत होतं, पण लाकूड समोर आलं की ही अक्कल कुठे जायची कोण जाणे. शिवाय फिरणारं बिट गोल असल्यामुळे खाचेचे कोपरे गोलसर झाले होते आणि बगळ्याची चोच मात्र टोकदार होती. मास्तरांनी वर कापड ठेवून हातोडीने दोन ठोके दिले. चोच तुटून बेतायच्या टेबलाखाली गेली.

दुसऱ्या वेळी जन्माच्या सवयीने हात गेला तिकडेच गेला. शिंपी कापड बेतताना शिलाईच्या बाहेर जे जास्तीचं कापड राखून ठेवतो, पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर कामाला यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. मास्तर मायेच्या बाबतीत उदार होते. त्यांनी बगळ्याला सगळीकडून सढळ माया ठेवली. साहजिकच तो खाचेहून मोठा झाला आणि वर तरंगत राहिला. बायको बटण लावता लावता म्हणाली, "अहो, कापडाची माया आत दुमडता येते. हा कुठून दुमडणार?"

तिसरा बगळा त्यांनी रागारागात बारीक केला. तो टुपकन आत पडला आणि काकाचा कोट घातलेल्या पुतण्यासारखा हलू लागला.

मग मास्तरांनी अभिमान बाजूला ठेवला आणि सुट्टीच्या दिवशी जावयाला बोलावलं. जावई समजावून सांगण्यात चांगला होता. त्याने गोल बिट काढून पेन्सिलीच्या टोकासारखं अणकुचीदार बिट लावलं. म्हणाला, बाबा, खाचेच्या भिंती सरळ नकोतच, उतरत्या घेऊ; बगळ्याच्याही कडा तशाच उतरत्या. मग बाटलीच्या बुचासारखं होईल, जितकं दाबाल तितकं घट्ट. आणि टोकदार बिटाने कोपरेही टोकदार येतील. फक्त बगळा दुसऱ्या फळकुटावर कोरायचा, ते फळकूट पालथं घालून बगळा खाचेत दाबायचा, सरस सुकू द्यायचा आणि मग वरचं सगळं फळकूट रंध्याने काढून टाकायचं. खाली बगळा तेवढा उरेल.

मास्तरांनी विचारलं, मग बसलाय की नाही हे कळणार कधी? जावई म्हणाला, फळकूट काढल्यावर. म्हणजे कोट अंगावर कायमचा शिवून टाकायचा आणि मग आरशात बघायचं. मास्तरांना हे अजिबात पटलं नाही, पण इलाज नव्हता.

पालथं घालायचं म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं कोरायला हवं, हे जावयाने तीनदा बजावलं होतं. तो गेला आणि मास्तरांनी ते सुलटंच कोरलं. फळकूट पालथं घालायला घेतलं, तर खाचेतला बगळा खिडकीकडे बघत होता आणि फळकुटावरचा दाराकडे. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापाव्यात तसला हा प्रकार. मामाच्या दुकानात काम शिकत असताना मास्तरांनी नेमकी ती चूक केली होती आणि मापाच्या लाकडी गजाचा फटका खाल्ला होता. आज फटका मारायला मामा नव्हते, पण मास्तरांनी सवयीने पाठ चोळली.

पुढचा बगळा उलटा कोरला. दाबला, सुकवला, फळकूट काढलं, तर बगळ्याभोवती सगळीकडून काळी रेघ. जावयाने फोनवर विचारलं की खाली किती जागा सोडलीत. मास्तर म्हणाले, सोडायची कशाला, तळाला नीट टेकलाय. तिथेच तर चुकलं, जावई म्हणाला; पोट आधी तळाला टेकलं, म्हणून कडा भिंतींपर्यंत पोचल्याच नाहीत. खाली थोडी जागा ठेवा, सरसही तिथेच मावेल.

मास्तरांनी फोन खांद्याने कानाशी दाबून खडूने टेबलावर खाचेची रेघ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे माया ठेवायची, पण खाली. दिसणार नाही तिथे."

"तसं म्हणा," जावई म्हणाला.

त्या दिवशी मास्तर वरच्या मजल्यावर जेवायला गेले ते गुणगुणत गेले. माया कपड्याच्या आतच असते, बाहेर कुणाला दिसते? एवढी साधी गोष्ट, पण लाकडाने ती त्यांच्याकडून किती बगळे खाऊन कबूल करून घेतली. पुढचा नमुना असा बसला की अंगठा फिरवला तर लागेना. मास्तरांनी तो खिशात घातला आणि पँट छोटी करायला आलेल्या प्रत्येकाला डोळे मिटून हात फिरवायला लावला. एक वयस्क गिऱ्हाईक घाबरून पँट तशीच परत घेऊन गेलं.

बगळ्याचा पाय मात्र दर वेळी मोडायचा. इतकी बारीक काडी लाकडात टिकेना. म्हणून प्रत्येक नव्या बगळ्याला मास्तर पाय थोडा जाड आणि थोडा आखूड करत गेले, आणि मग पायाला शोभावं म्हणून पोटही थोडं भरत गेले. बायकोने एकदा निरखून बघितलं आणि ह्याला डॉक्टरला दाखवा म्हणाली, पायाला सूज आहे.

एक गूढ अजून बाकी होतं. सकाळी कोरलेला बगळा सकाळी बसायचा, तोच संध्याकाळी बसायचा नाही. मास्तरांनी टेप काढून त्याचं माप घेतलं, जसं गिऱ्हाइकाचं घेत. उंची तेवढीच होती, रुंदी वाढली होती. त्यांनी पुन्हा मोजलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या इस्त्रीकडे गेली, जी दिवसभर दुकानात वाफ सोडत होती. लाकूड वाफ पीत होतं आणि फुगत होतं, आणि फुगत होतं ते आडवंच. थेट माणसासारखं. आजवर कुठलंही गिऱ्हाईक वयाबरोबर उंचीला वाढलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. त्याच दिवसापासून इस्त्री वरच्या स्वयंपाकघरात गेली आणि बायको भाजी चिरता चिरता कोटांच्या बाह्या चुकवू लागली.

शेवटी फळीचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी व्याह्यांनी ती हातगाडीवर गादी अंथरून आणली आणि स्वतः बाजूने चालत आले. गुण्या लावून, डोळा बारीक करून, रंधलेल्या पाठीवर हात फिरवून त्यांनी ती मास्तरांच्या हवाली केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मास्तरांनी फळी पक्की केली, चित्र उलटं की सुलटं हे पाच वेळा तपासलं आणि मशीन चालू केलं. व्याह्यांनी डोळे मिटून घेतले.

डोक्याची बाजू सुरेख आली. मान आली. पण शेपटीकडे येता येता आवाज बदलला. बिट जरा जास्तच खोल चाललं होतं, आणि उतरत्या भिंतींचं गणित असं की खोल गेलं की रुंदही होतं. मास्तरांनी मशीन बंद केलं तोवर शेपटी बेतापेक्षा चांगली पसरली होती. त्यांनी पट्टी आडवी ठेवून बघितली. फळी त्या बाजूने किंचित वर उचललेली होती.

मास्तर म्हणाले की फळी सपाट नाही. अख्ख्या आयुष्यात व्याह्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले की फळी आरशासारखी आहे, मशीन वाकडं आहे, आणि हे मशीन वाकडं नसतं तर भंगारात कशाला जात होतं. मास्तरांनी कारखान्याची बाजू घेतली. व्याह्यांनी कारखान्याचा उद्धार केला. आवाज चढत गेले, समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली. शेवटी मास्तरांच्या तोंडून इतकी वर्षं दाबून ठेवलेलं निघून गेलं, "ज्याला स्वतःच्या कंबरेचं माप ठाऊक नाही त्याने दुसऱ्याला वाकडं म्हणू नये."

व्याही पांढरेफटक पडले. ते उठले, फळी परत न्यायला दोन्ही हातांनी धरली आणि खाली वाकले. त्याच वेळी दुकानात एक लांब, स्वच्छ आवाज झाला. शिंप्याला तो आवाज ओळखायला बघावं लागत नाही. पँट मागून पट्ट्यापर्यंत उसवली होती.

मास्तरांचा सगळा राग एका क्षणात उतरला आणि हात आपोआप सुईकडे गेला. थांबा, टाका घालून देतो, असं ते म्हणालेही. पण व्याह्यांनी फळी हळूच खाली ठेवली, पाठ भिंतीकडे केली आणि मास्तरांकडे तोंड ठेवून, अदबीने राजासमोरून निघाल्यासारखे, उलट्या पावलांनी दाराबाहेर गेले. रस्त्यावरही ते बराच वेळ तसेच चालले असावेत, कारण समोरच्या दुकानदाराची मान पुष्कळ वेळ बाहेर होती.

बायको जिन्यात उभी होती. व्याही दिसेनासे झाल्यावर तिने सांगितलं की विहीणबाईंच्या घरची इतकी मानाची वस्तू, धुळीने भरलेली, म्हणून तिने काल ती वरून ओल्या फडक्याने चांगली चोळून पुसली होती. एकाच अंगाने पाणी प्यायलेली फळी आता कुठे सुकून जागेवर येत होती. मास्तरांनी विचारलं, हे तेव्हाच का नाही बोललीस?

"तुम्ही दोघं इतक्या जोरात बोलत होतात," ती म्हणाली, "मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

नंतरचे काही दिवस दोन्ही घरांत शांतता होती. मुलगी इकडे फोन करून रडायची आणि तिकडे फोन करून रागवायची. फळी सुकून सरळ झाली, पण शेपटीची खाच रुंद झाली ती झालीच. मास्तर रोज तिच्याकडे बघायचे आणि दुसऱ्यांच्या पँटींची टोकं कापत बसायचे. फळी दुसरी मिळणार नव्हती. खाच भुशाने बुजवायची सोय नव्हती.

मग एका दुपारी व्याही आले. हातात पिशवी होती आणि पिशवीत ती पँट. विहीणबाईंनी पाठवलं होतं हे उघड होतं, कारण त्यांनी आल्या आल्या तेच सांगितलं. अंगावर मुलाची पँट होती आणि ती खाली दुमडलेली होती. मास्तरांनी ओल्या फडक्याची गोष्ट सांगून टाकली, फळी सपाटच होती हे कबूल केलं. व्याह्यांनी ऐकून घेतलं, आणि मशीनही तसं बरं दिसतंय म्हणाले. दोघांच्या दृष्टीने ही पुष्कळ माफी झाली.

मास्तरांनी पँट उलटी केली, शिवण बघितली आणि मान हलवली. तयार कपड्याला माया नसतेच. सैल करायला आत काही नव्हतं, नवी शिवावी लागणार होती. व्याह्यांनी दाराकडे बघितलं, मास्तरांनी दार लोटून घेतलं, आणि मग व्याही हात जरा वर करून, छताकडे बघत उभे राहिले.

मास्तरांनी माप घेतलं. कंबरेचा आकडा त्यांनी मोठ्याने म्हटला नाही. पण पायांचं माप मोठ्याने म्हटलं, कारण उजवा पाय डाव्याहून थोडा लांब निघाला. व्याह्यांनी चूक असेल म्हणून पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चौकटींना गुण्या लावणारा माणूस खाली आपल्या पायांकडे बघत राहिला.

"म्हणजे मी काटकोनात नाही," ते म्हणाले.

"कुणीच नसतं," मास्तर म्हणाले. "पँट नकाशावरून नाही शिवत, समोर माणूस आहे त्याच्यावरून शिवतात." आणि हे बोलता बोलता ते टेप गळ्यात तशीच ठेवून फळीकडे वळले.

इतके दिवस ते बगळा चित्रावरून कापत होते आणि खाचेने चित्राबरहुकूम असावं म्हणून हट्ट धरून बसले होते. खाच आता जशी आहे तशी आहे. तिचं माप घ्यायला काय हरकत होती? त्यांनी खाचेवर पातळ कागद अंथरला, व्याह्यांना तो चारी बाजूंनी दाबून धरायला सांगितलं आणि खडूने हलक्या हाताने घासत गेले. कागदावर खाचेच्या कडा उमटल्या, पसरलेल्या शेपटीसकट. तो कागद जावयाने कॉम्प्युटरवर चढवला, खोलीही प्रत्येक ठिकाणची मोजून घातली, उलटंही स्वतःच केलं. नवा बगळा कोरला गेला तो रुंद शेपटीचा, आखूड पायाचा, भरल्या पोटाचा. सरस लावून पालथा घातला, दाबून बसवला आणि वर मास्तरांच्या दोन्ही शिलाई मशिनींची डोकी, इस्त्री आणि विहीणबाईंचा पाटा एवढं वजन ठेवलं.

सरस सुकल्यावर व्याही रंधा घेऊन आले. नवी पँट घालून आले होते आणि वाकताना अजूनही सवयीने जरा थांबत होते. रंधा चालू लागला. फिकट लाकडाच्या लांब चुण्या जमिनीवर पडू लागल्या, फळकूट पातळ होऊ लागलं. आता थोड्या वेळात सगळं उघडं पडणार होतं. मास्तरांना ते बघवेना. मी चहा आणतो म्हणून ते वर गेले आणि चहा झाल्यावरही उगाच दोनदा उकळू दिला.

खाली आले तेव्हा रंध्याचा आवाज थांबला होता. बगळा गडद फळीत झळकत होता. चोच, मान, पाठ, ती अवघड शेपटी, सगळं पाण्याने पाण्याला लागावं तसं लागलं होतं. आणि व्याही त्याच्या पायाशी ओणवे होऊन बोटाने काहीतरी चोळत होते. एका हाताच्या तळव्यावर सरसाचा थेंब होता आणि त्यात कालवलेली बारीक पूड.

मास्तर कप घेऊन तसेच उभे राहिले. व्याह्यांनी वळून बघितलं. त्यांचे कान लाल झाले.

"हा भुसा नाही," ते म्हणाले. "ह्याच फळीची पूड आहे. नखाएवढंच होतं, पायाच्या बोटापाशी."

मास्तरांनी कप खाली ठेवले. मोठ्याने हसावं असं फार वाटत होतं, पण जिन्यात पावलं वाजली. ते दारात जाऊन आडवे उभे राहिले. "पटकन आटपा," ते हळूच म्हणाले. "ती येतेय."

टेबल मुलीकडे गेलं. तिने बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. बाबांनी आणि सासऱ्यांनी मिळून काहीतरी केलं ह्याचंच तिला इतकं वाटलं की ती बराच वेळ नुसता हात फिरवत राहिली. मग म्हणाली, बदक किती गोड झालंय. मास्तरांनी तोंड उघडलं. व्याह्यांनी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. दोघंही बदक छान झालंय म्हणाले.

पुढच्या रविवारी दोघं जोडीने गेले, तेव्हा टेबलावर जाडजूड फुलाफुलांची चादर अंथरलेली होती, आणि चादरीवर प्लास्टिक. लाकडाला डाग पडू नये म्हणून, मुलगी म्हणाली. गरम कपाचे वळ उठतात ना. तिने कौतुकाने वरच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि चहा आणायला आत गेली.

दोघं व्याही समोरासमोर बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज आला. व्याह्यांनी मान वाकडी करून आत बघितलं आणि आपल्या बाजूचं प्लास्टिक हळूच उचललं. मास्तरांनी आपल्या बाजूने चादर गुंडाळत आणली. शेपटी दिसली, मग पाठ, मग मान.

"थोडी अजून," व्याही म्हणाले. "चोच राहिली."